हॉटेलात बसून घेतलेला जबाब

ती चौकशी मी विसरले नाही, विसरणारही नाही. वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा फौजदार होते. भरती झाले होते शिपाई म्हणून. लिहायला शिकले ती पंचनामे लिहून लिहून, म्हणून बोलते तसंच लिहिते.

लोकांना वाटतं, कोर्टानं शिक्षा सुनावली, माणूस आत गेला, संपलं. तसं नसतं बरं. आतल्या बंद्याची वागणूक चांगली असली तर त्याला संचित रजा मिळते. घरात मरण, आजारपण किंवा लग्न निघालं तर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. ही कुणाची मेहरबानी नाही, नियमातच आहे. माणूस कधीतरी गावात परत येणार, तोवर त्याचं घर तुटू नये म्हणून ही सोय. बंदी कारागृहात अर्ज करतो, आणि कारागृह आमच्या ठाण्याला विचारतं, हा आला तर गावाची, मयताच्या घरच्यांची हरकत आहे का? आम्ही गावात जाऊन जबाब घ्यायचे. एवढी मोठी यंत्रणा, पण ती त्या जबाबावर चालते.

हा बंदी मालेगाव तालुक्यातल्या एका गावचा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी वाद झाला आणि यानं कुऱ्हाड घातली. शेजारी मेला, याला जन्मठेप झाली. गुन्हा त्यानं केला, शिक्षा भोगत होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आधीचे सगळे अर्ज हरकतीवर फेटाळलेले. याही वेळी आमचा जमादार तोच अहवाल घेऊन आला. मयताच्या पत्नीची तीव्र हरकत, तिच्या जीवास धोका, शांतताभंगाची शक्यता.

अहवाल पुढे जायच्या आधी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगेना.

"म्याडम, तुमचा मानूस गावात आलाच नाही. फाट्यावरच्या हाटेलात भजे खाऊन वापस गेला."

मी जमादाराला समोर बसवलं. "मयताच्या बायकोचं घर कसं आहे हो?"

"साधंच आहे, म्याडम."

"दार कुठल्या तोंडाचं?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "बाईमानूस, घरी एकटी. कसं जाव म्याडम? बंद्याचा भाऊ भेटला हाटेलात, त्यानं सांगतलं तसं लिवलं. दरवर्षी तोच सांगते."

दरवर्षी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाडी काढायला लावली.

वैशाखाचे दिवस होते. मयताच्या घरी हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून सरळ परसात गेले. तिथं बाजेवर सरगुंड्यांचं वाळवण घातलं होतं. दोन बाया कणकेच्या वळ्या काडीला गुंडाळत बसल्या होत्या. एक मयताची बायको, आणि दुसरी म्हातारी कोण, तर बंद्याची आई.

आमच्याकडे वैर असलेल्या घरचं पाणीही पीत नाहीत. तिथं कणीक भिजवून सोबत बसणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फाट्यावरून ते दिसत नाही, त्यासाठी परसात जावं लागतं.

"कोनाचे सरगुंडे हे?" मी विचारलं.

"पोरीच्या रुखवताचे," मयताची बायको म्हणाली. "म्हातारीले आता दिसत नाही बराबर. वाकडेतिकडे करते. सासरचे नावं ठेवतीन."

"तुहे लई सरळ," म्हातारी म्हणाली.

मी हरकतीचं विचारलं. त्या बाईचा हात थांबला.

"कोनी लिवली? मले आजवर कोनी इचारलं नाही. राग हाये माहा त्याच्यावर, मरेपर्यंत राह्यन. पन माहा मानूस गेला, हिचा पोरगा गेला. मंग आमी दोघीनं बोलाव कोनासंग? पोरीच्या लग्नाले बाप येऊ नोको म्हनाले म्या कोन?"

तिथंच बसून मी तिचा जबाब घेतला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग बंद्याच्या भावाला ठाण्यात आणलं. आधी गावच्या शांततेची काळजी दाखवत होता.

"भावाचं वावर कोन वाहते?" मी विचारलं.

"मीच वायतो. पडीक ठेवू काय?"

"वावर पडीक नाही ठेवलं. भाऊ ठेवला."

मग बोलला. भाऊ रजेवर आला की हिस्सा मागणार, पिकाचं विचारणार. आत असला की बरा.

मी नवा अहवाल त्याच दिवशी पाठवला. भावावर काय गुन्हा लागणार? काही नाही. जमादाराला लेखी समज मिळाली. समज. आणि अहवाल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. रजेचा आदेश निघाला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. मामानं कन्यादान केलं. मुलगी मांडवपरतणीला आली तेव्हा कुठं बापाला भेटली.

रजेभर तो रोज ठाण्यात हजेरीला यायचा. मयताच्या दारावरून जायचं नाही म्हणून गावाला वळसा घालून यायचा. शेवटच्या दिवशी सही करून, पिशवी घेऊन, स्वतःच एसटीनं कारागृहात हजर झाला. हाच तो शांतता भंग करणारा माणूस.

या प्रकरणानं मला शिकवलं की माणसाला डांबायला भिंत लागतेच असं नाही, आपल्या खात्याचा आळसही पुरतो. कायदा चांगला आहे, पण तो ज्याच्या पायानं गावात जायचा, तो फाट्यावरच बसला तर काय करायचं?

जाताना त्यानं मला विचारलं होतं, "म्याडम, पुढच्या खेपेले चौकशीले तुमीच येसान ना?"

माझ्या निवृत्तीचे कागद तेव्हा निघालेले होते. मी त्याला म्हटलं, "बस लागली, जा."