आत्याने उपटलेलं सोयाबीन

माझ्या आत्याला सोबत घेऊन कोणत्याही सभ्य माणसाच्या घरी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ती भांडत नाही, कुणाला वाईट बोलत नाही. पण तिच्याबरोबर गेलेला माणूस धक्का खाऊनच परततो. नवरा लवकर गेल्यावर नातेपुत्याजवळचं रान ती एकटीनं कसू लागली आणि तेव्हापासून तिच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार उरले: दारात उकिरडा असलेले आणि नसलेले. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, आमच्याकडे येताना ती बायकोच्या तुळशीसाठी एसटीतून शेणखताची पिशवी आणायची. एकदा कंडक्टरनं नाक मुरडलं, तर तिनं मूठभर खत काढून त्याच्याच नाकाशी धरलं. "नीट हुंगा की. कुजलेल्या खताला वास न्हाय. वास तुमच्या गाडीला हाय." आमच्या शेजारीण बाई एकदा अभिमानानं सांगत होत्या, की त्या रासायनिक खतावरचं काहीच खात नाहीत. आत्या खूश होईल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "शेणखत म्हंजी भाकरी, आन् दुकानातलं खत म्हंजी मीठ. निस्तं मीठ खाऊन कोण जगतंय? आन् अळणी भाकरी तरी किती दिस खाशीला?" शेजारीण बाई चहा अर्धा ठेवून गेल्या.

एवढं ठाऊक असूनही, मुलीच्या लग्नाचं ठरत आलं तेव्हा, वडीलधारं माणूस म्हणून मी आणि बायको तिलाच घेऊन गेलो. स्थळ अकलूजजवळचं. मुलगा पुण्यात नोकरीला. मुलीला तो पसंत होता, दोघं रोज फोनवर बोलत होती. आम्ही फक्त घर बघायचं उरलं होतं. गाडीत बायकोनं आत्याकडून कबूल करून घेतलं, की खताचा विषय काढायचा नाही. आणि खरोखर, पोहे संपेपर्यंत आत्यानं तोंड उघडलं नाही. विषय काढला मुलाच्या वडिलांनी. "चला, सोयाबीन दावतो. कमरंला लागतंय!"

श्रावण सरत आला होता. घरामागचं रान गच्च हिरवं दिसत होतं. "तीनदा युरिया टाकलाय," वडील कौतुकानं म्हणाले. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. तोवर आत्या चपला काढून रानात शिरली होती. तिनं एक झाड धरलं आणि मुळासकट उपटलं! मुलगी द्यायला आलेल्या घरची बाई, व्याह्याच्या रानातलं उभं पीक उपटते! मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. 

"पाव्हणं, शेंगा कुटं हायत?" आत्यानं झाड त्यांच्यापुढं धरलं. "निस्ता पाला. आवं, हे पीक आपलं नत्र आपुनच मुळावरच्या गाठींत करतंय. तुमी आयतं ताट वाढल्यावर ते कशाला चूल पेटवंल? पेरणीआदी शेणखत घातलंवतं का? बियाण्याला जिवाणू चोळलंवतं का? उकिरडा कुटं हाय तुमचा?"

"जनावरं विकली," ते कसेबसे म्हणाले. "दारात फरशी केली."

आम्ही चहा न घेताच निघालो. गाडीत बायको रडत होती. त्याच आठवड्यात 'योग नाही' असा निरोप आला. मुलगी आत्याशी बोलेनाशी झाली. "म्या खोटं बोलले का?" आत्यानं एकदाच विचारलं. आणि पिशवी उचलून ती गावी गेली.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "आरं, अकलूजचं पाव्हणं आल्यात हितं." भांडायला आले असणार, असं मला वाटलं. "न्हाय रं, माजी सोयाबीनची रास बघत्यात. त्येंचं पीक पावसात लोळलं, शेंगा धरल्याच न्हाईत. शेणखत किती, दुकानातलं किती, इचारत्यात. म्हनलं, आदी माती तपासा, मग दोनी मापात घाला."

"आणि लग्नाचं?"

"त्यो इशय न्हाय निगाला."

तो पुढंही निघाला नाही. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं, ती सुखात आहे. आता आत्याचं नाव काढलं की हसते. पण त्याला दोन वर्षं लागली. पाहुण्यांनी मात्र दोन म्हशी घेतल्या, आणि पेरणी आली की ते आत्याला 'ताई' म्हणून फोन करू लागले.

यंदा आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. आम्ही तिला शुक्रवार पेठेत आणलं. उन्हाळ्यात पाहुणे तिला भेटायला आले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि आत्या म्हणाली, "औंदा माजं रान तुमी करा."   तिच्या त्या प्लॉटचं सगळं मीच बघणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"आत्या, मी आहे ना!"

"हायस की," ती मायेनं म्हणाली. "पर तू रानाला पलाट म्हनतोस."

 पाहुणे तिच्या पाया पडू लागले, तशी तिनं पाय मागं घेतले. "ऱ्हाऊ द्या. गाडी गाठा. फुडं जाऊन उजेड हाय तवर रान बघून या."

संध्याकाळी ती गॅलरीत बसून होती. बायकोनं जेवायला हाक मारली.

"तुमी बसा," आत्या म्हणाली. "त्ये आता बांदावर पोचलं आसतील. रान बघून हुंदे त्येंचं, मग जेवते."