व्ही म्हणजे विस्ताराने

वहिनींची दाढ काढली त्याच दुपारी मी डायलिसिस केंद्राची वेबसाइट मुळासकट काढली. दाढ काढणाऱ्याकडे निदान डिग्री तरी होती.

वहिनी घराच्या मागच्या खोलीतून नऊ वेबसाइटी सांभाळतात. प्रत्येक वेबसाइट आपापल्या डब्यात. डबा रुसला की काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून तो पाडायचा आणि नवा उभा करायचा. आतला ऐवज मात्र वेगळ्या कोठारात. "डबा शंभरदा फोडा, कोठाराला हात लावायचा नाही," हे त्यांचं शास्त्र.

डायलिसिसची साइट अडकली तेव्हा त्या दंतवैद्याकडे होत्या, तोंडात कापूस; त्यांच्या जागी संगणकापुढे मी. फोनवर तीनच शब्द आले, "डाऊन. मग अप." मी डाऊनपुढे पदरचा एक 'व्ही' जोडला. दुसऱ्या कुठल्याशा हुकुमात पाहिला होता. तिथे त्याचा अर्थ 'सगळं विस्ताराने सांग' असा होता. इथे निघाला, 'कोठारही पुसून टाक'. यंत्राने अजिबात विस्तार न करता ते केलं.

वहिनी गालावर रुमाल धरून आल्या, पडदा वाचला आणि मला नुसत्या नजरेने खुर्चीवरून उठवलं. चौदा वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखान्याने वेबसाइट सुरू केली, ती रोज पडायची, मालकाला फिकीर नव्हती. त्या संतापात यांनी तिचे हुकूम अक्षर न् अक्षर वाचून काढले. छापखाना बुडाला, राग पोटापाण्याला लागला. वेलांटी चुकवणाऱ्याला त्या विसरत नाहीत. मी तर अख्खं अक्षर चुकवलं होतं.

रोज पहाटे ऐवजाची एक प्रत निघते, ती कोठारात परत भरून झाली. पण पहाटेनंतर अकरा रुग्णांनी साइटवर उद्याच्या वेळा बदलून घेतल्या होत्या. अकरा आहेत एवढं यंत्राच्या रोजनिशीत, लॉगमध्ये, दिसत होतं, कोण ते नाही. उद्या एकाच यंत्रापुढे दोघं उभे राहिले तर एकाला परत पाठवणार, आणि डायलिसिस काही 'उद्या या' म्हणण्यासारखी गोष्ट नव्हे.

रुग्णांच्या यादीत त्रेसष्ट फोन नंबर. वहिनींचा अर्धा जबडा बधिर, तेव्हा फोन मीच करायचे. वाक्य त्यांनी कागदावर लिहून दिलं: 'माझ्या चुकीमुळे तुमची वेळ पुसली गेली असेल.' पहिल्याच फोनला मी 'काही तांत्रिक कारणाने' म्हणून पाहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला, 'माझ्या'खाली दोन रेघा मारल्या आणि परत माझ्या हातात कोंबला.

"मूत्रपिंडं गेली, आता नंबरपण घालवला का तुम्ही?" एक आजोबा म्हणाले.

"बरोब्बर विचारलं," शेजारून वहिनी उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या.

अकरावा रुग्ण अठ्ठावन्नाव्या फोनला सापडला, एक बाई. सकाळी सहाची वेळ. घरून पाचला निघणार होत्या. ती नोंद वहिनींनी स्वतः चढवली, दोनदा वाचली. जबडा एव्हाना सुटला होता, कपाळावरची आठी नव्हती सुटली.

मी धीर करून म्हटलं, "वहिनी, पुढच्या वेळी व्ही लावणार नाही."

"पुढची वेळ नाहीये, भावजी."