नाना गप्प बसले तो रविवार

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळची वेळ, भुसावळ रस्त्यालगतचं एक शेत. हजर: केळीच्या घडाच्या फण्या कापणाऱ्या आक्का, त्या फण्या धुऊन खोक्यात भरणाऱ्या आमच्या पॅकिंग सेंटरच्या सगळ्या बायका, टेम्पोवाले भाऊ, आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणारी मी, आणि खाटेवर सत्कारमूर्ती नाना. निमित्त: सुपरवायझर नानांची निवृत्ती, म्हणून भरीत पार्टी.

नानांएवढे हुकूम खानदेशात आजवर कुणी सोडलेले नाहीत. जळगावचं ऊनसुद्धा त्यांना विचारून चढतं, असं आमच्याकडे म्हणत. ‘जरा कुणीतरी बघा रे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. “कुणीतरी नावाचा माणूस आपल्याकडे कामाला नाही,” असं त्यांचं म्हणणं. हुकुमात आधी नाव, मग एकच काम, मग वेळ. “सुनंदा, पाण्याची टाकी, चहाच्या आधी. आता मला परत सांग.” समोरच्यानं परत सांगितल्याशिवाय सुटका नसे. एका नव्या पोरीनं तर घाबरून त्यांचा खोकलाही परत करून दाखवला होता.

ही सवय सेंटरच्या फाटकाशी थांबत नसे. भुसावळ स्टेशनात एकदा त्यांनी अनोळखी माणसांचं सामान, म्हाताऱ्या आणि लेकरं अशी शिस्तीत डब्यात चढवली, आणि सगळं मनासारखं झाल्यावर त्यांची स्वतःची गाडी पलीकडच्या फलाटावरून निघून गेली. सोनगीरला मुलीच्या लग्नात भटजींना म्हणाले, “मंगलाष्टकं, मध्यम आवाज, पाचच कडवी. परत सांगा.” भटजींनी मुकाट परत सांगितलं. धुळ्याला गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा टेबलावर आडवे झाल्यावरही त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “डावा. कोणता?” डॉक्टर म्हणाले, “डावा.” हा हुकूम मात्र अगदीच वायफळ होता असं मला म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी वादळ आलं. शेडचे पत्रे उडायला लागले. नव्या पोरी होत्या तिथेच थिजल्या. नाना टेबलावर चढले. “आक्का, पोरी भिंतीकडे! भाऊ, मेन स्विच! ताई, फाटक उघड!” तीन हुकूम, तीन नावं; त्यातली ताई म्हणजे मी. मधला पत्रा खाली आला तेव्हा त्याच्याखाली फक्त केळी होती. त्या दिवशी नानांनी प्रत्येकाचं मत विचारलं असतं, तर ती मतं पत्र्याखालून काढावी लागली असती.

पण वादळ काही रोज येत नाही, आणि नाना रोज येत. अर्धं आयुष्य फण्या कापण्यात गेलेल्या आक्कांना ते रोज सकाळी विळा कसा धरायचा ते सांगत. आक्का “हो नाना” म्हणत आणि आपल्याच पद्धतीनं धरत. डब्यात भाकरी वर की भाजी वर, यावरही हुकूम होता.

सोमवारपासून त्यांची जागा माझ्याकडे येणार होती. मालकांनी तसं सांगितलं होतं. माझ्या शब्दावर ही माणसं हलतील का, या धास्तीनं मला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं.

तर रविवारी नाना खाटेवर बसले आणि म्हणाले, “आज मी पाहुणा. एक शब्द बोलणार नाही.”

आम्ही सगळे उभे. वांगी टोपलीत, कपाशीच्या काड्यांचा भारा बाजूला. कुणी काडी ओढेना. आक्कांनी टोपल्या उपसल्या आणि कमरेवर हात ठेवला. “वांगा शेतस, तेल शे, बठ्ठं शे. मीठ कोनी आनं?”

बाकी सगळं होतं, पण मीठ कुणीच आणलं नव्हतं. मिरच्याही नाहीत. दर वर्षीच्या भरीत पार्टीला कुणी काय आणायचं ते नाना आदल्या दिवशी नावं घेऊन सांगत, यंदा त्यांची स्वतःचीच पार्टी म्हणून ते बोलले नव्हते. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सांगितलं असेल.

“नाना, आते तरी बोला ना भो!” आक्का म्हणाल्या.

नानांनी ओठ घट्ट मिटले. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला. हळूच मला म्हणाले, “ताई, इतकी वर्षं मी यांना काम शिकवलं की फक्त ऐकायला शिकवलं गं?”

सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी नानांसारखी नावं घेत सुरुवात केली. “भाऊ, टेम्पो काढा, मीठ नि मिरच्या आणा. आक्का, तुम्ही काड्या रचा. सुनंदा, वांग्यांना तेल लाव.”

आणि सगळे हलले! जाळ धडधडून पेटला.

“आणि मी?” नाना उठता उठता म्हणाले.

“तुम्ही बसा, नाना.”

ते बसले. त्यांनी माझं ऐकलेलं मला आठवतं ते एवढंच.

भरीत उत्तम झालं. दुपारी बायका टेम्पोतून घरी गेल्या. मी नानांना स्कूटरवरून पिंप्राळ्याला सोडलं. दाराशी उतरल्यावर ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

“ताई, एक काम राहिलंय माझं,” ते म्हणाले. “ती आक्का रोज सकाळी काहीतरी सांगायला तोंड उघडते, आणि तेवढ्यात मी पुढचा हुकूम देतो. काय म्हणायचं असतं तिला, तेवढं विचारून घे.” नाव, काम सगळं सांगितलं. वेळ तेवढी सांगितली नाही.

सोमवारी मी मुद्दाम आक्कांच्या टेबलापाशी गेले. फाटकाशी ट्रक हॉर्न वाजवत होता, टाकीत केळी तरंगत होती. आक्कांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं.

“आक्का,” मी म्हटलं, “आधी डावीकडचे घड घ्या.”

“हो ताई,” त्या म्हणाल्या, आणि विळा उचलला.

विचारायचं अजून राहिलंच आहे.