ओंजळीसाठी लेन्स

"गो, ह्यो मघाशी नवरी व्हता, आता भटजी झाला," बांधावर गवत कापणारी एक बाई दुसरीला म्हणाली.

"गप रव्ह. मुंबईचा असंल," दुसरी म्हणाली.

मुंबईचे नव्हेत, ते महाडचेच. मी ज्यांच्याकडे फोटोग्राफी शिकते ते काका. महाड ते पोलादपूर या पट्ट्यात उघड्यावर लागलेलं प्रत्येक लग्न आधी एकदा या माणसाने एकट्याने लावलेलं आहे. आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळेला ते जागेवर जातात. टॉवेलचा पदर डोक्यावर घेऊन नवरी होतात, तोच टॉवेल गुंडाळून नवरा होतात आणि मंगलाष्टकं स्वतःच म्हणतात, मनापासून बेसूर. उन्हाची तिरीप कुठल्या कडव्याला नवरीच्या नाकावर येते, ते त्यांना आधी कळायला हवं असतं. एकदा उमरठला नवऱ्याच्या आजोबांनी लांबून हे ऐकलं आणि मुहूर्त चुकला असं वाटून फेटा बांधत शेतात धाव घेतली. काकांनी त्यांनाही नवऱ्याच्या जागी उभं करून उजेड पाहून घेतला.

लेन्स त्यांना नातेवाइकांसारख्या. पुराचं पाणी त्यांच्या दुकानात शिरलं तेव्हा टीव्ही खाली राहिला, लेन्सची पेटी डोक्यावर गेली. ते सांगतात, "लांबची लेन्स म्हणजे मुंबईचा भाऊ. लांबून सगळं नीट, जवळ आला की काही दिसत नाय त्याला. रुंद लेन्स म्हणजे आत्या. सगळ्यांना मांडवात ओढते, पण कडेला उभा राहील त्याला जाडा करते. आणि ही पन्नास एमएमची, घरची. जेवढं हाय तेवढंच दाखवते."

मी पंगतीचे फोटो काढते. मुहूर्ताला कॅमेरा त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिलेला नाही. मलाही कधी मागता आला नाही. माझं वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा विषय बदललेला असतो.

पण उद्याचं लग्न त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं होतं, पोलादपूरजवळच्या या कापणी झालेल्या खाचरात, गोरज मुहूर्तावर. काकू म्हणाल्या होत्या, दुसरा फोटोग्राफर बोलवा. काका म्हणाले, "दुसऱ्याने काढलेला फोटो म्हणजे दुसऱ्याने पाहिलेली मुलगी. मी काढणार."

भटजीचं काम संपवून त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. सूर्य डोंगराला टेकला होता.

"आता कन्यादान. बाय, तू काकू हो. पाणी सोड."

मी पाण्याची बाटली उघडली. आईने सोडलेलं पाणी बापाच्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत जातं. काकांनी उजवा तळवा पुढे केला. डाव्या हातात कॅमेरा होता. लांबच्या लेन्सने मनगट लोंबकळलं. रुंद लेन्समध्ये त्यांचाच अंगठा आला. मग त्यांनी पन्नासची लावली आणि खूश झाले. "हलकी हाय. एका हाताने जमतंय. सोड."

मी पाणी सोडलं. त्या एका तळव्यातून ते बोटांच्या फटीतून निसटून खाली भाताच्या खुंटांवर सांडलं. पुढे, जावई उभा राहणार तिथपर्यंत थेंबही गेला नाही.

"परत," ते म्हणाले.

परत सांडलं. त्यांनी ओला तळवा उलटसुलट करून पाहिला. इतकी कन्यादानं टिपलेला माणूस, पण आज मान वर करेना. बांधावरच्या बायकाही कोयते थांबवून बघत होत्या.

मी बाटली खाली ठेवली, हात पुसले आणि पुढे केले.

"काका, ओंजळ एका हाताची होत नाही. पन्नासची माझ्याकडे द्या."