मामांचा गोटा

ऐंशीच्या दशकात आमच्या पांढुर्ण्यात संग्रहालय उघडलं. उघडलं म्हणजे काय, तर गावातल्या बड्या घरांनी आपापले माळे झाडले अन् निघालं ते सगळं बाजारामागच्या कापसाच्या जुन्या गोदामात मांडलं. एकाच्या आजोबाचा हुक्का, दुसऱ्याचा मुका झालेला ग्रामोफोन, कसर लागलेला, पेंढा भरलेला बिबट्या. विळ्याएवढी गंजकी तलवार, तिच्याखाली हिंदीत चिठ्ठी: ‘भोसलेकालीन, अनुमानतः’. देणाऱ्याचं नाव मात्र ठळक अक्षरात, तिथं अनुमान नाही! नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

माझे मामा नदीपलीकडचे, सावरगावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात अन् त्या झेंड्यासाठी दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर दगड भिरकावतात. ही आमची गोटमार. मामांचा उजवा डोळा तरुणपणी त्यातच गेला. ज्या गोट्यानं गेला, तो मुठीत घट्ट धरलेल्या मामांना लोकांनी उचलून घरी आणलं. तेव्हापासून गोटा देवळीत, देवांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच रोज हळद लावून. माझे वडील या काठचे. दर पोळ्याला मामा त्यांना चिडवायचे, “तुमचाच तर नव्हता ना, जवाईबुवा?” वडील बिचारे पुरणपोळीत तोंड घालायचे.

संग्रहालयाचं ऐकलं अन् मामांनी मनात घेतलं, आपला गोटा तिथं पायजे, खाली आपलं नाव पायजे. मी तेव्हा सौसरला शिकवत होते. “तू मास्तरीण हायेस, तू बोल,” म्हणून मला सोबत घेतलं.

संग्रहालय सांभाळणारे गुरुजी रिटायर हेडमास्तर. फडक्यातला गोटा पाहून मागं सरकले. “हे कुठं मांडता, बाई? गावाचं नाव खराब होते.”

वा रे वा! गोटमारीच्या दिवशी हेच गुरुजी गच्चीवर खुर्ची टाकून चिवडा खात बसतात. कोणाचं डोकं फुटलं की नीट दिसावं म्हणून उभे राहतात. मी हे तोंडावर सांगितलं.

“पाहणं वेगळं, बाई, मांडणं वेगळं,” गुरुजी हसले.

मामांनी हात जोडले. “एक डोळा देल्ला जी या नदीत. माह्यं नाव टाका खाली, बस. दुसरं काही नाही मांगत.”

“बरं, ठेवून जा भाऊ. पाहू.”

झालं! मामा साऱ्या सावरगावात सांगत फिरले, गोटा संग्रहालयात लागला म्हणून. मामी देवळीची रिकामी जागा सगळ्यांना दाखवायची. मला मात्र त्या ‘पाहू’चा भरवसा नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मामा नवं धोतर नेसून गोटा पाहायला निघाले, मी सोबत. आत पाहुण्यांना गुरुजी तलवारीची थोरवी सांगून राहिले होते. मामा एकेका टेबलावर वाकून, डावा डोळा चिठ्ठीला टेकवून शोधत गेले. हुक्का झाला, ग्रामोफोन झाला, बिबट्याच्या शेपटीपर्यंत झालं. गोटा नव्हता.

परत फिरताना तो मलाच दिसला. गोदामाचं जड दार वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली अडकवलेला. खाचांमधली हळद अजून तशीच होती. माझ्या अंगाचा भडका उडाला.

“अहो, त्याच्याबिगर दार आपटते,” गुरुजी म्हणाले. “कामात आला ना!”

मामा वाकले, धोतराच्या सोग्यानं गोटा पुसला अन् सदऱ्याच्या खिशात टाकला.

दार धाडकन लागलं. कापसाचं गोदाम ते, त्याला खिडकी कुठली? आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. कोणीतरी बिबट्यावर धडकलं, काहीतरी फुटलं. गुरुजी ओरडले, “अरे दार उघडा कोणी! काही दिसून नाही राहिलं!”

मामांचा आवाज दारापासून आला, अगदी शांत.

“मले उजवीकडून एवढंच दिसते, गुरुजी. पाहून घ्या आता.”