नलूची उन्हाची जागा

नलूच्या लेकीचा, मीराचा, फोन आला तेव्हा मी कामावर निघाले होते. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच ती बोलली. बाहेर ब्रिस्टलला क्वचित पडतं तसं लख्ख ऊन होतं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आज नलूने आईला नक्की खाली नेलं असतं. त्याला आता महिना होऊन गेला.

आई म्हणजे माझी आई. बाबा गेल्यावर तिला पुण्याहून आमच्या फ्लॅटवर आणलं, आणि पहिला अख्खा हिवाळा ती खिडकीशी बसून राहिली. मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये. "मला परत पाठव, इथे मी कोंडून मरेन," असं रोजचं पालुपद. नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण, तीही ब्रिस्टललाच. बागा आणि मोकळ्या जागा आखणं हा तिचा व्यवसाय. आमच्या इमारतींमधलं अंगण करायचं काम नेमकं तिच्याकडे आलं. तिने हौसेने बारमाही हिरव्या झाडांच्या गर्द सावलीत बेंच टाकला. मे महिन्यातही तिथे कोणी फिरकेना. एका शनिवारी ती स्वतःच आईला घेऊन बसली आणि थोड्या वेळात दोघी कुडकुडत वर आल्या. "अगं, मी पुण्यातली सावली उचलून इथे ठेवली की," म्हणाली आणि हसत सुटली. स्वतःवर इतकं हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग तिने आईला साबुदाण्याच्या पापड्या घालायला लावल्या आणि ताटं अंगणात ठिकठिकाणी मांडली. कोपऱ्यातल्या वाऱ्याने अर्धवट वाळलेल्या पापड्या थेट कार पार्कमध्ये नेल्या. तळमजल्यावरचा जॉर्ज एक हातात धरून विचारत आला, "धिस युवर्स, माय लव्ह?" इथे कोणालाही असंच म्हणतात. झाडांखालचं ताट संध्याकाळपर्यंत चिकटच. दक्षिणेला तोंड असलेल्या विटांच्या भिंतीपाशी मात्र पापड्या खडखडीत वाळल्या. ठरलं. बेंच तिथे न्यायचा, पश्चिमेचा वारा अडवायला झुडपांची दाट हेज लावायची आणि समोर चेरीचं झाड, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि थंडीत पानं गळून ऊन मोकळं... केलेलं काम पुन्हा करायला कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, तयार नव्हती. नलू भांडली. मी आईच्या तिकिटाची चौकशी करतेय हे तिला ठाऊक होतं. "एक हिवाळा थांब गं, मग पाठव," तिने मला दटावलं.

पुढच्या फेब्रुवारीत आई शाल गुंडाळून खाली गेली ती जेवायलाच वर आली. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. जॉर्ज पेपर घेऊन येऊ लागला, हळूहळू बाकीचेही. नलू दर रविवारी यायची, अगदी आजारपणातसुद्धा. बेंचच्या डाव्या टोकाला बसायचं, भिंतीला पाठ टेकायची, चहा प्यायचा. "ऊन गेलं तरी विटा गरम असतात बघ," हे दर वेळी नव्याने सांगायची. तिची फार आठवण येते मला. पण गंमत म्हणजे, आठवण आली की बरंच वाटतं.

गेल्या रविवारी छान ऊन पडलं. आईने पापड्या घातल्या, मी ताटं खाली आणली आणि बेंचवर मांडली. डावं टोक तेवढं रिकामं ठेवलं. आईने शालीतून हात बाहेर काढला.

"तिथेही ठेव गं," ती म्हणाली. "ऊन वाया घालवलेलं नलूला चालायचं नाही."

मी ताट ठेवलं.