निळा पट्टा

बिडकीनजवळच्या एका शाळेत मी नववी-दहावीच्या मुलींच्या हृदयाची सोनोग्राफी करायला गेले होते. लहानपणी घसा दुखून पुढं सांधे सुजवणारा ताप येतो, तो उतरतोही. पण कधी कधी हृदयाची झडप खराब करून जातो. सुरुवातीला हे छातीला स्टेथोस्कोप लावून कळत नाही, सोनोग्राफीत दिसतं.

प्रयोगशाळेत दोन टेबलं जोडली, खिडक्यांना चादरी बांधल्या. तरी पहिली कोणी आत येईना. शेवटी खो-खोच्या संघाची कॅप्टन एका हडकुळ्या मैत्रिणीला ओढतच घेऊन आली.

"मॅडम, हिचं बघा. जिना चढली की लई दमती."

"आधी तू झोप, मग मी," मैत्रीण म्हणाली.

"माझं काय बघायचंय?" म्हणत कॅप्टन डाव्या कुशीवर झोपली. थंडगार जेल लागल्यावर खुदकन हसली.

पडद्यावर झडप मिटत होती, पण रक्ताचा एक पट्टा उलटा मागं फिरत होता; मशीन तो निळा रंगवून दाखवत होतं. झडपेची कडाही जाड दिसत होती. मी तीन-चार कोनांतून पाहिलं. तिचं हसणं थांबलं.

"एवढा वेळ काय बघताय, मॅडम?"

"काही नाही. पुसून घे."

मी खोटं बोलले आणि ते तिला कळलं. मैत्रिणीचं हृदय ठणठणीत निघालं. तिच्या अंगात रक्त कमी असावं असं वाटलं, म्हणून तिला तपासणी लिहून दिली.

मी शाळेतून घरी निरोप पाठवला, तशी पुढच्या आठवड्यात कॅप्टनला घेऊन तिची आई शहरात आमच्या दवाखान्यात आली. वडिलांची कंपनीत पहिली पाळी होती.

"मॅडम, ही जिल्ह्याला खेळून आली. मशिनीचं काही चुकलं असंल."

"म्हणूनच आज मोठ्या मशीनवर परत बघू."

माझ्या वरिष्ठांनीही पाहिलं. झडपेतून रक्ताची गळती थोडी होती, पण होती. मी सांधेदुखीबद्दल विचारलं तशी आईनं लेकीच्या गुडघ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चौथीत व्हती. आधी गुडघा सुजला, मग घोटा. वाढीचं दुखणं म्हणून मी तेल चोळत बसले."

"कुणालाही तसंच वाटलं असतं," मी म्हणाले. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मुलीनं एकच विचारलं, "खेळता येईल ना?"

"येईल. पण तो ताप परत येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं. कमरेत. बरीच वर्षं."

"लई दुखतं?"

"दुखतं." या वेळी मी खरं सांगितलं.

परीक्षेच्या दिवसांत तिची दोन इंजेक्शनं चुकली. आमच्या सिस्टरांनी घरी फोन करून तिला बोलावून घेतलं. वर्षानं पुन्हा सोनोग्राफी केली, गळती तेवढीच होती. वाढली नव्हती. आईनं रिपोर्ट पिशवीत ठेवला आणि दारातून धाकटीला आत बोलावलं.

"हिचंबी बघून घ्या, मॅडम. आता मला राहवत नाय."